आधी वेरूळचा घाट, मग इसार

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातल्या उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. ६५ कोटी रुपयांचा तो सौदा देशभर गाजला. त्या गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षं आता भरली आहेत. नूतनीकरण करायचं की विकून मोकळं व्हायचं, हा प्रश्न त्या मालकांपुढे आहेच. पण काहींच्या मनात आणखी एक विचार घोळतो आहे. रोजच्या वापराला गाडी आहे, मग आता एखादी जुनी, टप उघडणारी जर्मन गाडी का घेऊ नये? रविवारी पहाटे काढावी, जपावी, पुढच्या पिढीच्या हातात द्यावी. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी तरुणपणापासून अशा गाडीचं स्वप्न उराशी बाळगलं आणि आता कुठे हाताशी चार पैसे आले, त्यांच्यासाठी तर आहेच आहे.

माझं सांगणं एकच. संग्रहातली पहिली गाडी आज चालणारी आणि कागदाला स्वच्छ असलेलीच घ्या, भले दीडपट पैसे मोजावे लागोत. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली, ‘थोडं काम आहे, बाकी सगळं ओरिजनल’ अशी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेतली, की ती तुमच्याही शेडमध्ये उभीच राहते. टपाचं कापड, क्रोम, डॅशबोर्डचं लाकूड, चामडं, पेट्रोल इंजेक्शन, प्रत्येकाचा खर्च वेगळा आणि प्रत्येकाचा कारागीर वेगळ्या गावचा. ज्याची ही तिसरी-चौथी गाडी आहे त्याने एवढ्या वर्षांत माणसं जोडलेली असतात. त्याला ते झेपतं. नवख्याला झेपत नाही. आणि गाडी खरोखर चालते की नुसती सुरू होते, हे पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. शहरातून निघून दौलताबादचा घाट चढायचा, खुलदाबादवरून वेरूळला उतरायचं. जेमतेम तीस किलोमीटर, पण या रस्त्यावर गाडीचं काहीही लपून राहत नाही.

कोणती घ्यावी? पहिल्यांदा घेणाऱ्याला मी मर्सिडीजची आर-१०७ मालिकेतली एसएल सुचवतो. १९७१ ते १९८९ अशी सलग अठरा वर्षं ती निघत होती, एकूण २,३७,२८७ गाड्या बनल्या. दोघांची बैठक, घडी घालून पत्र्याच्या झाकणाखाली पूर्ण दडणारा कापडी टप, शिवाय वरून बसवायचा पत्र्याचा जड टप. सहा सिलिंडरची २८०, आठ सिलिंडरच्या ३५० आणि ४५०, पुढे ३८० आणि ५००. एवढ्या संख्येने आणि एवढी वर्षं निघाल्यामुळे तिचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात. जुन्या गाड्यांसाठी कंपनीनेच १९९३ मध्ये स्टुटगार्टजवळ फेलबाखला स्वतंत्र केंद्र काढलं आहे. तिच्या आधीची, १९६३ ते १९७१ मधली, मधे खोलगट टपामुळे ‘पॅगोडा’ म्हणून ओळखली जाणारी एसएल अधिक देखणी आहे, यात वाद नाही. पण ती ४८,९१२ च बनली, किंमत जगभर चढलेली आहे आणि तिच्यातली एक चूकही फार महागात पडते. ती दुसरी गाडी म्हणून मनात ठेवा.

नंतरची आर-१२९, म्हणजे १९८९ ते २००१ ची एसएल, पुष्कळ स्वस्त मिळते आणि मोह होतो. तिचा टप बटण दाबलं की आपोआप उघडतो. त्यामागे हायड्रॉलिक सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि स्विचचं मोठं जाळं आहे आणि सील जुने झाले की तेल गळू लागतं. शिवाय १९९३ ते १९९५ च्या सुमाराच्या मर्सिडीज गाड्यांत इंजिनच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. मराठवाड्याच्या उन्हात ते टिकण्याची आशाच करू नका. हार्नेस बदलल्याची पावती मागा, नसेल तर तो खर्च किमतीतून कापा. चौघांची हौस असेल तर डब्ल्यू-१२४ पिढीची कॅब्रिओले आहे. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात गाड्या बनवायला सुरुवात केली ती याच पिढीच्या सेदानपासून. त्यामुळे तिचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग हाताखालून गेलेले मिस्त्री महाराष्ट्रात अजून आहेत. कॅब्रिओले इथे विरळा, पण चांगली सापडली तर सोडू नका.

परदेशातून आणण्याचा विचार पहिल्या गाडीपुरता बाजूला ठेवा. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही. पूर्वी १९५० आधीच्या गाड्यांना सवलत होती. २०२५ मध्ये ती ५० वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत आणली गेली. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ३५० एसएल कागदावर तरी येऊ शकते. पण शुल्क, कर, जहाजभाडं आणि बंदरातले दिवस यांचा हिशेब नवख्याने मांडू नये. इथे नोंदलेली, इथल्या रस्त्यांवर फिरलेली, शक्यतो उजव्या स्टिअरिंगची गाडी शोधा.

अशी गाडी भारतात आली कशी, हा कागदपत्रांचा पहिला प्रश्न. कुणी परदेशातली नोकरी संपवून येताना आणली, कुणी वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आणली आणि ती पुढे रीतसर विकली गेली. दोन्हीकडे सीमाशुल्क भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, असतो. तात्पुरत्या परवान्यावर आणून परत न नेलेल्या गाडीचं आरसी बुक कितीही चकचकीत असलं तरी ती जप्त होऊ शकते. बिल ऑफ एंट्रीची प्रत नाही म्हटल्यावर मी तरी पुढची चौकशी करणार नाही.

आरसीवरचा शासी क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक स्वतः डोळ्यांनी जुळवा, फोटो काढा. आर-१०७ च्या क्रमांकात सुरुवातीलाच मॉडेल कळतं: २८० एसएलला १०७०४२, ३५० ला १०७०४३, ४५० ला १०७०४४, ५०० ला १०७०४६. मागे ‘४५०’ची अक्षरं आणि क्रमांकात ०४२ असेल तर कुणीतरी अक्षरं बदलली आहेत. इंजिन क्रमांकही पाहा. एके काळी पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे मोठ्या गाड्यांची मूळ इंजिनं काढून डिझेल इंजिनं बसवायची पद्धत होती. नंतर पुन्हा पेट्रोल इंजिन आणून बसवलं, पण आरसीवर इंधन ‘डिझेल’च राहिलं, असंही आढळतं.

जुन्या गाडीची नोंद परिवहनच्या संगणकावर चढलीच नसेल तर आधी मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ते काम विकणाऱ्याचं. तुम्ही अंगावर घेऊ नका. आरसीवर कुण्या बँकेचा बोजा दिसतोय का पाहा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नमुना ३५ देऊन तो बोजा कुणी उतरवलेलाच नसतो. गाडी बाहेरच्या आरटीओची असेल तर नमुना २८ ची ना हरकत, मग २९ आणि ३०. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर आधी नमुना ३१ ने हस्तांतर, त्यानंतर तुमच्या नावावर. दिल्लीची गाडी असेल तर तिची नोंदणी वयामुळे रद्द झालेली नाही ना, हे पैशाची भाषा सुरू करण्याआधी तपासा.

पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनी बाद होते, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तसं नाही. महाराष्ट्रात तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मात्र ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचं शुल्क ८०,००० रुपये झालं आहे, ते हिशेबात धरा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक मिळतो: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. ज्यांना मनात आलं की म्हैसमाळला जायचंय त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी.

आता पत्रा. आर-१०७ चं इंजिन दणकट आहे, तिला मारतो तो गंज. खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा, पुढच्या मडगार्डच्या कडा, डिकीचा तळ आणि टप जिथे घडी होऊन बसतो ती खोबण, या सगळ्या जागी चुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे. पण खरी जागा आहे पुढच्या काचेखाली, इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या आडव्या भिंतीत. तिथे पानं, माती साचते, पाणी वाहून जायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. वरून काही दिसत नाही. तांब्याभर पाणी घ्या आणि काचेच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या जाळीत सावकाश ओता. पाणी गाडीखाली दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. मग पायाखालचा गालिचा उचलून तळहात दाबा. ओल लागली, किंवा खाली पाणी आलंच नाही, तर त्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी डॅशबोर्डसकट अर्धी गाडी खोलावी लागणार, हे समजून घ्या. अशी गाडी मी कोणत्याही किमतीला घेऊ नका म्हणेन.

यानंतर वेरूळ. विमा आणि नोंदणी चालू आहेत याची खात्री झाली की मंगळवार ठरवा. त्या दिवशी लेणी बंद असतात, त्यामुळे पर्यटकांच्या बस नसतात. शनिवारी भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी, श्रावणात सोमवारी घृष्णेश्वराची. या दोन्ही दिवशी जुनी गाडी त्या रस्त्यावर नेऊ नका. विकणाऱ्याला आदल्या दिवशी बजावून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर ती परीक्षा त्या दिवशी नको, कारण गार इंजिनच खरं बोलतं. पहिल्या स्टार्टला दुसऱ्या माणसाला मागे उभं करा. निळसर धूर दिसून विरला तर व्हॉल्व्हचे सील गेले, काम आवाक्यातलं आहे; पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट. सुरुवातीला काही सेकंद साखळीचा खडखडाट ऐकू आला तर टायमिंग चेन आणि तिचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक कधी बदलले ते विचारा. आठ सिलिंडरच्या इंजिनात तो ठिसूळ तुकडा तुटला की इंजिनाचं मोठं नुकसान होतं.

छावणी सोडून पडेगाव, मिटमिट्याच्या सरळ रस्त्यावर गिअर कसे बदलतात, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग मधोमध किती सैल आहे, हे पाहा. तेलाच्या दाबाचा काटा शून्य ते तीनच्या पट्टीवर असतो. गाडी पळत असताना तो तीनला टेकलेला असला पाहिजे. गरम इंजिन जागेवर फिरताना तो एकाच्या खाली, अर्ध्यापर्यंत आला तरी घाबरू नका. ॲक्सिलरेटर दाबताच तो तिथल्या तिथे वर उडाला पाहिजे. रेंगाळला तर इंजिन झिजलं आहे.

दौलताबादचा किल्ला मागे पडला की घाट. दिल्ली दरवाजाच्या कमानीशी कोंडी झालेली असेल तर ती तुमच्या पथ्यावर पडते. चढ, ऊन, थांबत-थांबत पुढे सरकणं. पाण्याच्या तापमानाचा काटा आता बघत राहा. ८० ते १०० च्या मधे राहिला तर उत्तम. त्याच्याही वर चढत चालला तर पंख्याचा व्हिस्कस क्लच गेलाय किंवा रेडिएटर आतून भरलाय. १२० च्या जवळ पोहोचायच्या आत गाडी कडेला घ्या. कागजीपुऱ्याजवळ रस्ता मोकळा झाला की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने धक्का न देता खालचा गिअर पकडला पाहिजे.

खुलदाबादनंतरचा उतार सर्वांत जास्त बोलतो. गिअर खालचा ठेवा, पाय काढा, गाडी इंजिनच्या ताकदीवर उतरू द्या. तळाला आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि त्याच क्षणी मागच्या आरशात बघा. निळ्या धुराचा लोट उठला तर व्हॉल्व्ह गाइड झिजल्या आहेत आणि हेड खोलावं लागणार.

वेरूळला सावली सोडून उन्हात गाडी उभी करा, इंजिन बंद करा, खाली पुठ्ठा सरकवा आणि वीस मिनिटं चहा घ्या. याला काही पर्याय नाही. अगदी सुरुवातीची वर्षं सोडली तर यांतल्या बहुतेक गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन पद्धत आहे. गरम इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा दाब नळ्यांत टिकून राहावा यासाठी एक ॲक्युम्युलेटर असतो. तो गेला असेल तर सकाळी झटक्यात सुरू झालेली गाडी आता स्टार्टर कितीही फिरवला तरी लवकर पेट घेत नाही. दारात उभ्या केलेल्या गाडीत हा दोष कधीच कळत नाही. तेवढ्या वेळात कापडी टप उघडा, मिटा, पुन्हा उघडा. कुठे अडकतो, शिवण कुठे उसवली, रबर कुठे कडक झालं, ते बघा. पुठ्ठ्यावर काय आणि कुठे ठिबकलं तेही. शक्य असेल तर आडवं पडून पुढच्या सबफ्रेमला स्टिअरिंग बॉक्सजवळ आणि इंजिनच्या माउंटिंगजवळ तडे आहेत का, ते टॉर्चने पाहा. या गाडीची ती जुनी दुखरी जागा आहे. गाडी पुण्या-मुंबईची असेल तर हीच परीक्षा तिकडच्या घाटात घ्या, दिवेघाट चालेल. पण घेतलीच नाही असं करू नका. इसार द्यायचा तो शहरात परत आल्यावर.

इंधनाचा मुद्दा नवा आहे आणि कळीचा आहे. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं झालं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नव्हते; ते फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते. म्हणून ताब्यात आल्याबरोबर टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घ्या, बाकी सगळी कामं मागाहून. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज के-जेट्रॉनिकच्या केसासारख्या बारीक फटींत जाऊन बसतो. दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवणं हाच त्यावरचा उपाय. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची उघड्या टपाची जर्मन मेबॅक पाहा. दर दसऱ्याला ती शाही लवाजम्यासह दसरा चौकात येते, हजारो माणसं तिची वाट पाहतात. ती गाडी चालती राहिली याचं एक मोठं कारण तिला दरवर्षी रस्त्यावर यावंच लागतं, हे आहे.

मिस्त्री निवडताना एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे पेट्रोलचा दाब मोजायचं गेज आहे का? या गाडीला संगणक लावून काहीही दिसत नाही. जो आधी दाब मोजतो आणि मग हत्यार उचलतो तोच आपला माणूस. बाकी बाबतीत आपलं शहर भाग्यवान आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या पट्ट्यात बुश फिरवून देणारी, प्लेटिंग करणारी, रबराचे साचे बनवणारी माणसं आहेत. शेंद्र्यात स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या जोडल्या गेल्या. जर्मन मापांची सवय असलेले हात इथे आहेत, त्यांना शोधून विचारा.

पैशाचं म्हणाल तर गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा ठेवा आणि तो ठेवता येत नसेल तर थोडं थांबा. विमा काढताना एजंट सांगेल तो आकडा मान्य करू नका. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून मूल्यांकनाचा लेखी अहवाल आणि सगळ्या बाजूंचे फोटो जोडून योग्य रक्कम लिहून घ्या.

ठेवायची जागा कोरडी हवी, प्लॅस्टिकचं आच्छादन नको, सुती हवं. टप ओला असताना त्याची घडी कधीही घालू नका. घरात उभी असताना तो चढवलेलाच ठेवा, म्हणजे कापडाला घड्या पडत नाहीत. पत्र्याचा टप दोघांनीच उचलायचा. उंदरांचा बंदोबस्त पहिल्या दिवशी करा, जुनी वायरिंग त्यांना फार आवडते.

उरलेली रक्कम हस्तांतराचे कागद आरटीओत दाखल झाल्यावर बँकेतून द्या. ताबा घेताना दोन्ही चाव्या, जॅक, मूळ पुस्तिका, सर्व्हिसच्या जुन्या पावत्या आणि पत्र्याच्या टपाच्या खिट्ट्या मोजून घ्या. मागाहून त्या जमवायला महिने जातात. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही खोल दिसत असली तरी टायर सहा वर्षांहून जुने असतील तर गाडी घरी चालवत आणू नका, ट्रकवर चढवून आणा.